कहूट झालं, रील झालं, तरी वर्ग ढिम्मच

एका प्राध्यापकांचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. एक सर तालुक्याच्या गावी एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे. एस.वाय.बी.ए. च्या वर्गात रोलवर ८४ मुलं, समोर असतात वीस-पंचवीस. या वर्षी त्यांनी मनावर घेतलं, पीपीटी केल्या, गूगल क्लासरूम उघडलं, कहूट या मोबाईलवरच्या प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपवर क्विझ घेतली, ‘महागाई’ या विषयावर रील करायला सांगितली. क्विझला पहिल्या दिवशी दंगा झाला, तिसऱ्या वेळेला निम्मे मोबाईल बंद. रील ११ आल्या आणि त्यातल्या बऱ्याच डाउनलोड केलेल्या. लेखी असाइनमेंट आल्या त्यातल्या कितीतरी ‘आजच्या वेगवान युगात महागाई ही एक ज्वलंत समस्या बनली आहे’ या एकाच वाक्याने सुरू होतात. स्टाफरूममधले सीनियर म्हणतात, कशाला डोकं लावता, नोट्स द्या, पोरं खूश. प्राचार्यांना नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, ‘आयसीटीचा वापर’ (शिकवताना संगणक-मोबाईल) दाखवणारे फोटो हवेत. सर विचारतात, कहूटचं पेड व्हर्जन स्वतःच्या खिशातून घेऊ का, अजून कुठलं अ‍ॅप आहे का, की या मुलांना रसच नाही असं समजून परत नोट्स लिहून द्यायला लागू?

सर, आधी पैशाचं बोलू. पेड व्हर्जन घेऊ नका. तुम्हाला पैसे वर्गातल्या तासाचे मिळतात, घरी बसून पीपीटी करता त्या तासांचा एक रुपया मिळत नाही, वर्गातल्या तासांचेही वेळेवर येतात की नाही हे तुम्हीच जाणता, आणि वर त्यातून अ‍ॅपची वर्गणी भरायची हे काही मला पटत नाही. कॉलेजला आयसीटी दाखवायचं असेल तर कॉलेजने भरावेत. आणि खरं सांगायचं तर फुकटात जे मिळतं तेवढ्यात तुमचं काम होतंय.

आता ‘मुलांना रस नाही’ हे. तुम्ही हे कशावरून म्हणताय, तर हजेरीवरून आणि असाइनमेंटवरून. पण न येणारी साठ मुलं कुठे असतात हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? माझा अंदाज सांगते, थोडी पोलीस भरतीच्या तयारीला पहाटेपासून ग्राउंडवर असतात आणि नंतर झोपतात, थोडी पेट्रोल पंपावर नाहीतर मोबाईलच्या दुकानात कामाला, सीझनला सोयाबीन काढायला घरी थांबतात, आणि काहींची एसटीच अशी आहे की पहिला तास गाठायचा तर सहाची गाडी आणि ती चुकली की थेट दहाची. यातल्या एकालाही तुमची पीपीटी आवडली नाही म्हणून तो घरी राहिलेला नाही. त्याने ती पाहिलेलीच नाही! तेव्हा एक साधा कागद वाटा, नाव न लिहिता भरायचा, चारच प्रश्न, कुठली गाडी, काम करता का आणि किती वाजता, मोबाईल स्वतःचा की घरात एकच, नेट दिवसभर पुरतं का. न येणाऱ्यांपर्यंत तो येणाऱ्यांच्या हाताने पोचवा. गूगल फॉर्म नको, कारण ज्याच्याकडे मोबाईलच नाही तो ‘मोबाईल नाही’ हे फॉर्मवर कसं भरणार. हा कागद वाचल्यावर तुमचे निम्मे निर्णय आपोआप होतील बघा.

कहूटचं काय झालं ते सांगते, कारण असं बऱ्याच जणांचं होतं. त्यात नेहमीच्या सेटिंगला जो लवकर उत्तर देतो त्याला जास्त गुण. म्हणजे ज्याचं नेट चांगलं आणि मोबाईल नवा तो वर, आणि जी मुलगी प्रश्न नीट वाचून मग बोट लावते ती खाली. दोनदा खाली राहिली की तिसऱ्या वेळेला ती मोबाईल काढतच नाही, मी पण नसता काढला. शिवाय प्रश्न कसले असतात, व्याख्या कोणी केली, कायदा कुठल्या साली झाला. हे पाठ असतं किंवा नसतं, त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही, म्हणून दंगा होतो पण चर्चा होत नाही.

त्यापेक्षा हे करून बघा. हार्वर्डमध्ये एरिक माझुर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात एक पद्धत चालवली. असा प्रश्न टाकायचा की ज्याचं चुकीचं उत्तर अगदी बरोबर वाटतं, प्रत्येकाने आपापलं मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत मत द्यायचं, आणि त्यानंतरच सरांनी तोंड उघडायचं. सुरुवातीला त्यांच्याकडे मशीन-बिशीन नव्हती, मुलं साधी कार्डं वर करायची. तुमच्या विषयातला प्रश्न देते. ‘महागाईचा दर सहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या का?’ वर्गातली बरीच मुलं हो म्हणतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, टीव्हीवर ‘महागाई घटली’ अशीच पट्टी येते. मग शेजारी शेजारी भांडू द्या दोन-तीन मिनिटं. कोणीतरी एक जण म्हणतोच की अरे भाव वाढतायतच, फक्त आधी जोरात वाढत होते आता हळू वाढतायत. हे वाक्य तुमच्या तोंडून येण्यापेक्षा त्याच्या तोंडून आलेलं मुलांच्या डोक्यात जास्त टिकतं. पहिल्याच फेरीत सगळ्यांचं बरोबर आलं तर प्रश्न सोपा होता, सोडून द्या, आणि जवळजवळ सगळ्यांचं चुकलं तर शेजाऱ्याला विचारून काही होणार नाही, तुम्हीच समजवा. मधलं काहीतरी आलं की मजा आहे.

यासाठी मोबाईल लागत नाहीत. अ, ब, क, ड लिहिलेले चार रंगांचे कागद पुरतात. अगदीच डिजिटल दाखवायचं असेल तर प्लिकर्स नावाचं अ‍ॅप आहे, त्यात मुलांच्या हातात फक्त छापील कार्ड, ते ज्या बाजूने उभं धरलं ते त्याचं उत्तर, आणि तुम्ही एकट्याने आपल्या मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कार्डं त्यांच्याच साइटवरून फुकट छापता येतात, नेहमीच्या संचात ४० असतात, म्हणजे तुमच्या वीस-पंचवीसना पुरून उरतील. कोणी काय कार्ड धरलंय ते शेजाऱ्याला ओळखू येत नाही, हा त्यातला मला आवडलेला भाग. आणि प्राचार्यांना फोटो पण झकास मिळेल, सगळ्या मुलांचे हात वर.

रीलबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. क्रिएटिव्ह असाइनमेंट म्हणजे व्हिडिओ, पोस्टर, कॅनव्हा (पोस्टर सजवायची साइट) असं एक समीकरण होऊन बसलंय. पूर्वी चार्टपेपरवर स्केचपेनने बॉर्डर काढायचो तेच आता कॅनव्हावर होतं, आत मजकूर तोच गाईडमधला. मुलाचे पाच तास जातात ते गाणं जोडण्यात आणि अक्षरं नाचवण्यात, महागाईचा विचार पाच मिनिटं. आणि मुलींचा विचार केलात का? कित्येक घरांत मुलीचा चेहरा असलेला व्हिडिओ सरांना पाठवायचा म्हटलं की पंचाईत होते, ती तुम्हाला कारण सांगणार नाही, असाइनमेंट देणार नाही इतकंच, आणि आपण समजतो रस नाही. ११ आल्या यात मला काही आश्चर्य वाटलं नाही. माझं म्हणणं एवढंच की नवेपणा सादरीकरणात नको, माहितीत हवा. मुलाने असं काहीतरी आणावं जे तुम्हाला आधी माहीत नव्हतं.

आता ते ‘आजच्या वेगवान युगात’ वालं वाक्य. विचारलं ते लिहून देणारं चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी, पण कॉपी काय तेव्हा सुरू झाली का? कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रोजेक्ट मिळायचेच की. २०११ मध्ये पुण्यातल्या काही कॉलेजांमध्ये विकिपीडियाचा एक शैक्षणिक प्रयोग झाला होता, विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. कल्पना किती छान, असाइनमेंट सगळं जग वाचणार! झालं असं की मोठ्या प्रमाणावर पुस्तकातला आणि वेबसाइटवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला गेला, तिथले स्वयंसेवक तो काढून काढून दमले आणि त्याच वर्षी प्रयोग गुंडाळावा लागला. साधन उत्तम होतं, वाचक होते, मुलं पण चांगल्या कॉलेजांतली. पण जे पुस्तकात आधीच आहे तेच परत लिहायला सांगितलं, भाषा परकी, आणि दुसऱ्याचा मजकूर का उचलायचा नाही हे कुणी बसून शिकवलं नाही, की मुलं तेच करणार. ‘महागाईची कारणे व परिणाम’ या प्रश्नाचं उत्तर यंत्र तुमच्या-माझ्यापेक्षा बरं देतं, मग मुलाने का राबावं, हा प्रश्न आपण त्याच्या जागी बसून विचारला पाहिजे.

आणि हो, ‘एआयने लिहिलंय का ते ओळखणारं सॉफ्टवेअर’ याच्या नादी लागू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं ओळखणारं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, ते नीट ओळखत नव्हतं म्हणून. त्यावरून तुम्ही एखाद्या पोरीला खोटी ठरवलीत आणि तिने खरंच स्वतः लिहिलं असेल तर ती परत काही लिहून देणार नाही तुम्हाला.

तर मग द्यायचं काय. तुम्ही निर्देशांक शिकवताच, लास्पेयरचं सूत्र (आधी घ्यायचो तेवढंच सामान आज घ्यायला किती लागतात ते मोजणारं) फळ्यावर लिहिताच, मुलं ते पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्याऐवजी ‘आमच्या घराचा महागाई निर्देशांक’ काढायला सांगा. प्रत्येकाने घरात महिन्याला नेहमी लागणाऱ्या आठ-दहा गोष्टी निवडायच्या, आईला नाहीतर जो कोणी खर्च बघतो त्याला विचारून मागच्या वर्षी त्या प्रत्येकीवर अंदाजे किती जायचे ते लिहायचं, मग तेव्हाचा भाव आणि आजचा भाव. मागच्या वर्षीचा भाव कुठून आणायचा हीच खरी शोधाशोध आहे. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत असतो, मागच्या दिवाळीची यादी कित्येक घरांत डब्यात नाहीतर कॅलेंडरच्या मागे असते, गॅसची पावती असते, डेअरीचं कार्ड असतं. शेतमालाचे बाजार समित्यांमधले रोजचे भाव कृषी पणन मंडळाच्या साइटवर मिळतात, पण तो घाऊक भाव, आणि आईने दिलेला किरकोळ, या दोन्हीत एवढा फरक का हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि तिथे तुमचा पुढचा धडा आयता सुरू होतो.

वजन म्हणजे काय, एकूण खर्चात त्या वस्तूचा वाटा किती, हे मुलांना कळत नाही ना, ते इथे कळतं. समजा एका घरात मागच्या वर्षी महिन्याला डाळीवर ३००, तेलावर ६००, गॅसला ९००, दुधावर १७०० आणि प्रवासावर ५०० असे एकूण ४००० जात होते (आकडे आपले मनाचे घेतलेत). डाळ ३० टक्के वाढली, तेल २०, दूध २, गॅस आणि प्रवास तिथेच. पाचांची साधी सरासरी काढली तर १०.४ टक्के महागाई. पण तेवढंच सामान आज घ्यायला ३९०, ७२०, ९००, १७३४ आणि ५०० मिळून ४२४४ लागतात, म्हणजे मागचं वर्ष १०० धरलं तर निर्देशांक १०६.१, वाढ फक्त ६.१. कारण डाळ भडकली तरी या घराचा जास्त पैसा दुधावर जातो. हे गणित गूगल शीटमध्ये मोबाईलवर होतं, वहीत पण होतं. शीट एकच ठेवा, सगळ्या घरांचे निर्देशांक एकाखाली एक दिसू देत.

आणि मग जे होतं ते बघा. एकाच गावातल्या दोन घरांचे आकडे वेगळे येतात. ज्या घरातली आई आणि आत्या रोज एसटीने कामाला जातात त्यांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, तिथे प्रवासाचं वजनच कमी. ज्या घरातला बाप रोज एसटीने जातो त्याला जानेवारी २०२५ मध्ये झालेली १४.९५ टक्के भाडेवाढ पूर्ण बसली. ज्यांच्या दारात म्हैस आहे त्यांनी दुधाचं काय धरायचं, विकत घेत नाहीत तर शून्य का, पण विकलं असतं तर पैसे आलेच असते ना? यावर अर्धा तास जाईल, जाऊ द्या. मग सरकारी आकडा समोर ठेवा. २०१२ आधारवर्ष असलेल्या (म्हणजे २०१२ चे भाव १०० धरलेल्या) ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन ग्रामीण भागासाठी शंभरात ५४ च्या वर होतं आणि शहरी भागासाठी ३६ च्या आसपास. तुमच्या मुलांच्या घरात किती आलं? जास्त आलं तर का, कमी आलं तर काय सुटलं? दवाखाना धरला का? मोबाईलचा रिचार्ज धरला का? आणि सरकारी आकडा समजा चार टक्के म्हणतो पण आमची आई म्हणते सगळं दुप्पट झालं, यात खोटं कोण बोलतंय, की कोणीच नाही? यंत्राला तुमच्या गावातल्या किराणावाल्याचा भाव माहीत नाही, म्हणून हे कॉपी होत नाही, निदान सहज होत नाही.

एक सांभाळा. घरचा खर्च ही खाजगी गोष्ट आहे, आणि गरिबीची लाज कॉलेजच्या वयात फार असते. उत्पन्न विचारू नका. शीटवर नाव नको, नंबर द्या. कोणाला घरचं सांगायचं नसेल तर त्याने वसतिगृहाच्या मेसचा काढावा, नाहीतर चहाच्या टपरीचा (दूध, साखर, चहापत्ती, गॅस, कागदी कप, फार छान निर्देशांक निघतो). किंवा अगदी वेगळं हवं असेल तर २०११ च्या जनगणनेचं जिल्ह्याचं हँडबुक नेटवर फुकट आहे, त्यात गावनिहाय शाळा, दवाखाना, रस्ता, बँक अशा सोयींची नोंद असते, ते घेऊन आपल्या गावात आज काय आहे ते मोजून यायचं.

८४ जणांचं तपासायचं कसं, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण डोक्यात असणार. चार-चारचे गट करा, आणि ते एसटीच्या रूटप्रमाणे करा, हुशार-ढ असे नको, म्हणजे एकत्र येता-जाताना काम होतं आणि जो कॉलेजला येत नाही त्याच्या घरी पण कोणीतरी पोचतं. २१ गट होतात. प्रत्येक गटाला पाच मिनिटं तोंडी, १०५ मिनिटं, म्हणजे साधारण दोन-अडीच तासिका. लेखी भाग एकच पान. एआय वापरलं तर चालेल म्हणा, फक्त काय विचारलं आणि काय मिळालं ते मागे जोडा. तोंडीला प्रश्न साधे, हा भाव कुठून आणला, दुकानदार काय म्हणाला, ही वस्तू का घेतली ती का नाही. ज्याने केलंय तो बोलायला लागला की थांबत नाही, ज्याने नाही केलं ते दोन मिनिटात कळतं. आणि तुमच्या त्या सीनियर सरांना दुसरे परीक्षक म्हणून बसवा. त्यांना या गावातले पंचवीस वर्षांचे भाव तोंडपाठ असतील, मुलांपेक्षा तेच जास्त रंगतील असं मला वाटतं.

ते नोट्स द्या म्हणतात त्यात तसं वावगं काही नाही, शेवटी लेखी पेपर आहेच आणि त्यात मुलांना लिहायचंय. पण लिहून देण्यात तास घालवू नका, झेरॉक्सला ठेवा किंवा आधीच पीडीएफ पाठवा. न येणाऱ्यांसाठी पाच मिनिटांची व्हॉइस नोट करा, व्हिडिओपेक्षा नेट कितीतरी कमी खाते आणि दुकानात बसून ऐकता येते. फक्त सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका, मुलींचे नंबर सगळ्या वर्गाला दिसतात आणि पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, मुलांनी तुमचा नंबर सेव्ह केला की झालं, एकमेकांचे दिसत नाहीत. गूगल क्लासरूम आहे तसं राहू द्या, कागदपत्रं जमा करायला बरं पडतं. बाकीची अ‍ॅप काढून टाका, दर महिन्याला नवा पासवर्ड मुलांना पण नको असतो.

नॅकचं म्हणाल तर या सगळ्याची फाइल रीलपेक्षा भक्कम होते. नोटीस, गटांची यादी, शीटची प्रिंट, तोंडीचे गुण, फोटो. नवीन शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत, तुमच्या विद्यापीठाने ते कुठल्या सेमिस्टरला टाकलेत ते बघून हेच काम त्यात बसतंय का हे प्राचार्यांना विचारा, बसलं तर मुलांचं एक काम वाचलं आणि तुमचं पण.

दुसऱ्या विषयांच्या मास्तर-बाईंना पण हे लागू आहे, इतिहासवाल्यांनी जुनं जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) उघडावं, ती ऑनलाइन मिळतात, त्यातलं आपल्या गावावरचं पान मुलांच्या हातात द्यावं आणि यातलं आज काय उरलंय ते बघून या म्हणावं. मराठीवाल्यांनी आजीच्या बोलण्यातले शेतीचे, भांड्यांचे शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायला सांगावे.

सुरुवात मात्र लहान करा, या आठवड्यात तो कागद आणि वर्गात चार रंगांचा एकच प्रश्न, एवढंच. निर्देशांकाचं काम दिवाळीच्या सुट्टीला द्या, कारण तेव्हा बाहेर कामाला गेलेली पण घरी असतात, किराणा भरायला आईबरोबर जाणं होतं, आणि मागच्या वर्षीची यादी शोधायला घरातले सगळे हाताशी असतात. फक्त वाणसामान घेतानाच भाव लिहून ठेवा म्हणून सुट्टी लागण्याच्या आधी बजावून सांगा, फराळ झाल्यावर कोणाला आठवत नाही बेसन कितीला आणलं होतं ते.